जॉन थॉम्पसनच्या घराण्यात थॉमस नावाचं कुणी नव्हतंच: बर्फातून टपाल नेणाऱ्या गड्याच्या हरवलेल्या आडनावाची गोष्ट

अमेरिकेच्या नेवाडा राज्यात जिनोआ नावाचं एक छोटं गाव आहे. सिएरा नेवाडाच्या डोंगररांगेच्या अगदी पायथ्याशी. गावच्या दफनभूमीत एक पांढरा संगमरवरी दगड उभा आहे. त्यावर एकमेकींवर तिरक्या ठेवलेल्या दोन लांब फळ्या कोरल्या आहेत. नीट बघितलं की कळतं, या बर्फावर घसरायच्या स्की आहेत.

ही कबर जॉन ए. थॉम्पसनची. मृत्यू १५ मे १८७६. आणि दगडावर हेही लिहिलंय की हा माणूस मूळचा नॉर्वेचा.

आता घोळ इथंच आहे. थॉम्पसन हे आडनाव चांगलं खणखणीत इंग्रजी. नॉर्वेच्या शेतकऱ्याच्या पोराचं नाव थॉम्पसन कसं? त्याच्या बापाचं नाव थॉमस होतं का? तर नाही. आजोबांचं? तेही नाही. मग हे थॉम्पसन आलं कुठून?

त्याचं उत्तर शोधायचं तर आधी हा गडी कोण होता ते बघावं लागतं. कारण अमेरिकेच्या पश्चिमेला त्याची कीर्ती एवढी की त्याला लोक जॉन म्हणतच नसत. स्नोशू थॉम्पसन, हेच त्याचं नाव होऊन बसलं होतं.

तर त्याचा जन्म ३० एप्रिल १८२७ चा. गाव नॉर्वेच्या टेलेमार्क भागातलं टिन. डोंगराळ मुलुख, जमीन थोडी, आणि हिवाळ्यात सगळीकडं बर्फच बर्फ. इथल्या पोरांना चालता यायला लागलं की पायाला स्की बांधायच्या. शेजारी जायचं असो, चर्चला जायचं असो की जंगलातून लाकडं आणायची असोत, त्याशिवाय गत्यंतर नव्हतं. आज ज्याला जग स्कीइंग म्हणतं त्याचं माहेर म्हणून टेलेमार्कचंच नाव घेतात. तिथं तो खेळ नव्हता, रोजचं येणं-जाणं होतं.

पोराचं पाळण्यातलं नाव होतं यून. पूर्ण नाव, यून टोर्स्टाइनसन रूए.

या तीन शब्दांत आपल्या कोड्याची किल्ली आहे, म्हणून इथं जरा थांबू.

यून हे त्याचं स्वतःचं नाव. टोर्स्टाइनसन म्हणजे टोर्स्टाइनचा मुलगा. हे आडनाव नव्हे, वडिलांचं नाव आहे. त्याची बहीण असेल तर ती टोर्स्टाइनसन होणार नाही, ती टोर्स्टाइनसडॉटर, म्हणजे टोर्स्टाइनची मुलगी. उद्या यूनला मुलगा झाला तर तोही टोर्स्टाइनसन लावणार नाही, तो लावणार यूनसन. म्हणजे दर पिढीला हे नाव बदलणार. आणि लग्न झालं म्हणून बायकोचं नाव बदलत नसे. ती मरेपर्यंत आपल्या बापाचीच मुलगी म्हणून लिहिली जायची.

मग तिसरा शब्द, रूए. हे त्या शेताचं नाव, ज्यावर हे कुटुंब राहत होतं. नॉर्वेत प्रत्येक शेताला, प्रत्येक वाडीला नाव असायचं. एकाच गावात दहा यून असणार, त्यातले तीन-चार टोर्स्टाइनचे पोरगे असणार. मग कुठला यून? तर रूएचा यून. हा एक प्रकारे पत्ताच होता.

आणि पत्ता म्हटल्यावर घर बदललं की तोही बदलणार. आपल्याकडं गावाच्या नावाला कर लावून आडनाव होतं, पण माणूस पुण्याहून नागपूरला राहायला गेला म्हणून पुणेकरांचे नागपूरकर होत नाहीत. नॉर्वेत व्हायचे. याच टेलेमार्कचा सोंद्रे नूरहाइम घ्या, ज्याला आधुनिक स्कीइंगचा जनक म्हणतात. तो जन्मला ओव्हरबो नावाच्या वस्तीवर. पुढं नूरहाइम नावाच्या जागेवर राहायला गेला आणि जगाला माहीत झाला तो सोंद्रे नूरहाइम म्हणून.

ही सगळी व्यवस्था बंद झाली ती १९२३ साली. त्या वर्षी नॉर्वेत कायदा आला की प्रत्येक घराण्याला एकच कायमचं आडनाव हवं. शहरातल्या लोकांनी आणि बड्या घराण्यांनी ते आधीच घेतलेलं होतं. खेड्यापाड्यातला माणूस मात्र तोवर बापाचं नाव आणि शेताचं नाव यावरच भागवत होता. आणि १९२३ च्या आधीच्या शंभर वर्षांत नॉर्वेतून आठ लाखांहून जास्त माणसं अमेरिकेला निघून गेली होती.

त्यातलाच एक आपला यून.

तो लहान असतानाच त्याचे वडील वारले. १८३७ साली, यून दहा वर्षांचा असताना, घरच्यांनी टिन सोडलं आणि अमेरिकेची वाट धरली. नॉर्वेतून अमेरिकेला संघटितपणे लोक जायला लागले ते १८२५ पासून, स्टाव्हांगर बंदरातून सुटलेल्या एका छोट्या जहाजानं. म्हणजे यूनचं घराणं अगदी सुरुवातीच्या तुकड्यांतलं. आधी इलिनॉय, मग मिसूरी, मग आयोवा, मग विस्कॉन्सिन असा त्यांचा मुक्काम हलत राहिला. जिथं जमीन मिळेल तिथं.

या सगळ्या भटकंतीत कधीतरी यूनचा जॉन झाला आणि टोर्स्टाइनसनचा थॉम्पसन झाला.

इथं एक गैरसमज दूर करायला हवा. सिनेमात आपण बघतो की न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर अमेरिकन कारकून बसलाय, समोरच्या परदेशी माणसाचं नाव त्याला उच्चारता येत नाही, मग तो वैतागून भलतंच काहीतरी लिहून टाकतो आणि घराण्याचं आडनाव कायमचं बदलतं. ऐकायला भारी आहे, पण तसं घडत नसे. एक तर एलिस बेटाचं केंद्र सुरू झालं १८९२ ला. यून आला तेव्हा त्याला पंचावन्न वर्षं अवकाश होता. आणि दुसरं म्हणजे प्रवाशांच्या याद्या जहाज सुटायच्या बंदरातच तयार व्हायच्या. अमेरिकेतला कारकून त्या यादीवर नुसत्या खुणा करायचा.

नावं बदलायची ती नंतर, हळूहळू. शाळेतल्या मास्तरनं हजेरीत आपल्याला जमेल तसं लिहिलं. दुकानदारानं उधारीच्या वहीत वेगळं लिहिलं. जनगणनेवाल्यानं दारात उभं राहून ऐकलं तसं लिहिलं. आणि एक दिवस त्या माणसानंच ठरवलं की कशाला प्रत्येकाला समजावत बसायचं, आपणच सोपं नाव घेऊ.

टोर्स्टाइन या नावात टोर हा नॉर्स लोकांचा गडगडाटाचा देव आणि स्टाइन म्हणजे दगड. थॉम्पसन म्हणजे थॉमसचा मुलगा, आणि थॉमस हे बायबलमधलं नाव. दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. फक्त कानाला थोडं जवळचं वाटतं, एवढंच. त्या थॉम्पसनची स्पेलिंगसुद्धा कागदोपत्री एक नाही. कुठं त्यात पी आहे, कुठं नाही.

आणि रूए? ते तर गळूनच पडलं.

असो. १८५१ ला हा चोवीस वर्षांचा जॉन थॉम्पसन कॅलिफोर्नियात पोचला. गुरं हाकत. सोन्याच्या मागं सगळं जग तिकडं धावत होतं, तोही धावला. प्लॅसरव्हिलच्या आसपास खाणकाम केलं. या गावाला तेव्हा लोक हँगटाऊन म्हणायचे, म्हणजे फाशीचं गाव. यावरून तिथलं वातावरण लक्षात येईल. सोनं काही फार हाती लागलं नाही. शेवटी त्यानं सॅक्रामेंटोच्या खोऱ्यात पुटा क्रीकच्या काठी थोडी जमीन घेतली आणि शेती करायला लागला.

इथं त्याची गोष्ट संपली असती, तर त्याचं नाव आज कुणाला माहीत नसतं.

पण १८५५ च्या अखेरीला सॅक्रामेंटोच्या एका वर्तमानपत्रात आलं की डोंगरापलीकडं टपाल न्यायला माणूस हवाय. अडचण अशी होती की प्लॅसरव्हिल डोंगराच्या या बाजूला आणि जिनोआ, ज्याला तेव्हा मॉर्मन स्टेशन म्हणत, ते त्या बाजूला. मधे साधारण ९० मैल, म्हणजे १४५ किलोमीटरचा रस्ता आणि तोही सिएरा नेवाडाच्या माथ्यावरून. उन्हाळ्यात गाड्या जायच्या. हिवाळा आला की बर्फ इतकं साचायचं की खिंडी बंद. पलीकडच्या लोकांना कित्येक महिने ना पत्र, ना औषध, ना बातमी. आधी काहींनी प्रयत्न केले होते, पण ते जाळीच्या, पसरट, पायाला बांधून चालायच्या बूटांवर. त्यानं माणूस बर्फात रुतत नाही, पण वेग काही येत नाही.

थॉम्पसनला लहानपण आठवलं. त्यानं ओकचं लाकूड घेतलं आणि स्वतःच्या हातानं दोन फळ्या तासल्या. जवळपास १० फूट लांब. वजन दोन्ही मिळून ११ किलोच्या घरात. हातात एक लांब काठी, तोल सांभाळायला. हल्लीसारख्या दोन काठ्या नाहीत, एकच, दोन्ही हातांत आडवी धरायची.

कॅलिफोर्नियातल्या बहुतेकांनी असली चीज कधी बघितलीच नव्हती. त्यांच्याकडं तिला शब्दही नव्हता. बर्फात पायाला बांधायची वस्तू म्हणजे स्नोशू, म्हणून यांना ते नॉर्वेजियन स्नोशू म्हणायला लागले आणि हा झाला स्नोशू थॉम्पसन. गंमत बघा, आडनाव चुकीचं आणि टोपणनावही चुकीचं. तो ज्यावर घसरायचा त्या स्की होत्या.

जानेवारी १८५६ ला तो पाठीवर टपालाची थैली टाकून प्लॅसरव्हिलहून निघाला. लोकांना वाटलं, गेला हा. पण तीन दिवसांत जिनोआला पोचला. परत यायला तर दोनच दिवस लागले, कारण परतीच्या वाटेला उतार जास्त. मग हे दर हिवाळ्याचं कामच होऊन बसलं.

थैलीचं वजन किती, तर कधी ६० पौंड, कधी १०० पौंड. म्हणजे २७ ते ४५ किलो. पत्रं तर असायचीच, पण त्याशिवाय औषधं, अवजारं, कपडे, कुणी काय मागवेल ते. जिनोआत जेव्हा वर्तमानपत्र निघालं तेव्हा छापखान्याचे खिळे आणि कागदही त्यानंच पाठीवरून वाहिला असं सांगतात. चांदीच्या प्रसिद्ध खाणीचा पहिला नमुना त्यानंच तपासणीला नेला, असाही एक किस्सा फिरतो. पण त्या श्रेयाचे मानकरी बरेच आहेत, त्यामुळं तो किस्सा जरा बाजूला ठेवलेला बरा.

एवढं ओझं असल्यामुळं तो स्वतःसाठी जवळपास काहीच घ्यायचा नाही. पांघरूण नाही, बंदूक नाही. खायला वाळवलेलं मांस आणि बिस्किटं. तहान लागली की बर्फ. बर्फावरच्या लखलखाटानं डोळे जातात म्हणून तोंडाला कोळसा फासायचा. रात्र झाली की एखादं वाळलेलं पाइनचं खोड शोधून ते पेटवायचं, शेजारी फांद्या अंथरायच्या आणि विस्तवाकडं पाय करून झोपायचं. वादळ सुटलं की एखाद्या सपाट खडकावर उभं राहून नाचत राहायचं, अंगातली ऊब टिकावी म्हणून. होकायंत्र नव्हतं. दिवसा डोंगर, झाडं आणि पाण्याचे प्रवाह बघायचे, रात्री तारे.

सगळ्यात जास्त सांगितली जाणारी घटना आहे ती १८५६ च्या डिसेंबरमधली. लेक व्हॅलीत एका एकाकी झोपडीत त्याला जेम्स सिसन नावाचा माणूस सापडला. बारा दिवस तो तिथं पडून होता. दोन्ही पाय गोठून काळे पडलेले. सिसन अशा टोकाला आला होता की कुऱ्हाडीनं आपणच आपले पाय तोडायचा विचार करत होता.

थॉम्पसननं त्याला धीर दिला, लाकडं फोडून ठेवली आणि रात्रीच जिनोआच्या दिशेनं निघाला. तिथून माणसं आणि घसरगाडी घेऊन परत आला. सिसनला खाली जिनोआत आणलं. डॉक्टरनं बघितलं आणि सांगितलं की पाय कापावे लागतील, पण क्लोरोफॉर्म नाही आणि त्याशिवाय आपण हात लावणार नाही. मग हा गडी पुन्हा निघाला. पुन्हा अख्खा डोंगर ओलांडला. प्लॅसरव्हिलमध्ये क्लोरोफॉर्म मिळालं नाही, तेव्हा तसाच पुढं सॅक्रामेंटोला गेला, बाटली घेतली आणि परत डोंगर चढून जिनोआत आला. शस्त्रक्रिया झाली. सिसनचे पाय गेले, जीव वाचला.

आता प्रश्न येतो पैशांचा.

थॉम्पसनला अमेरिकन टपाल खात्याकडून या कामाचे किती पैसे मिळाले? काहीच नाही. टपालाचे ठेके ठेकेदारांच्या नावावर असायचे. थॉम्पसनकडं सरकारशी झालेला स्वतःचा नीट करार नव्हता. दर वर्षी कुणीतरी सांगायचं की यंदा मिळतील, आणि हा विश्वास ठेवून पुन्हा थैली उचलायचा. त्याच वाटेनं १८६० ला घोडेस्वारांची पोनी एक्स्प्रेस सुरू झाली. ती जेमतेम दीड वर्ष चालली, तिच्या स्वारांना पगार होता आणि तिच्यावर पुढं सिनेमे निघाले. थॉम्पसन आधीपासून टपाल वाहत होता आणि ती बंद पडल्यावरही वाहत राहिला. साधारणपणे वीस हिवाळे असं सांगितलं जातं. १८६९ ला अमेरिकेच्या आरपार जाणारी रेल्वे पूर्ण झाली आणि मग त्याच्या थैलीची गरज उतरत गेली.

दरम्यान त्यानं डायमंड व्हॅलीत शेत केलं होतं. १८६६ ला ॲग्नेस सिंगलटनशी लग्न केलं. पुढच्या वर्षी मुलगा झाला, आर्थर. जुन्या नॉर्वेत हा पोरगा यूनसन झाला असता. इथं तो झाला आर्थर थॉम्पसन. आल्पाइन काउंटीच्या कारभारी मंडळावरही थॉम्पसन निवडून गेला. म्हणजे स्थानिक पातळीवर वट होता, फक्त वॉशिंग्टनमध्ये ओळखणारं कुणी नव्हतं.

आणि गडी मानी होता. १८६९ ला ला पोर्त गावी स्कीच्या शर्यतींना गेला. तिथले खाणकामगार स्कीच्या तळाला मेणाचं खास मिश्रण चोळायचे, अंग दुमडून वाकायचे आणि सरळ उतारावरून गोळीसारखे सुटायचे. थॉम्पसन आपल्या कोरड्या फळ्यांवर ताठ उभा. त्याचा काही निभाव लागला नाही. मग त्यानं वर्तमानपत्रातून आव्हान दिलं की मेण न लावता, आखलेल्या वाटेशिवाय, झाडा-कड्यांमधून कुणी माझ्याबरोबर डोंगर उतरून दाखवावा. पैजेला कुणी पुढं आलं नाही. माझ्या मते यात हरण्याचा राग थोडा आहेच, पण मुद्दा त्याचाही खरा होता. त्याचं स्कीइंग कुठंतरी पोचण्यासाठी होतं.

त्याच वर्षी नेवाडाच्या विधिमंडळानं अमेरिकन काँग्रेसला विनंती केली की या माणसाला ६,००० डॉलर द्या. काही हललं नाही. मग १८७२ च्या हिवाळ्यात तो स्वतःच वॉशिंग्टनला निघाला. वाटेत वायोमिंगमध्ये रेल्वे बर्फात अडकली. बाकीचे प्रवासी डब्यात बसून राहिले. हा उतरला आणि चालायला लागला. आधी ३५ मैलांवरचं लॅरमी, मग तिथून ५६ मैलांवरचं शायेन. पुढची गाडी पकडून राजधानीत पोचला. लोकांनी तोंडभरून कौतुक केलं. पैसे दिले नाहीत.

१५ मे १८७६ ला डायमंड व्हॅलीतल्या घरी थॉम्पसन गेला. वय ४९. दोनच वर्षांनी आर्थरही गेला, घटसर्पानं. वय अवघं अकरा. जिनोआच्या दफनभूमीत बाप-लेक शेजारी शेजारी आहेत.

म्हणजे त्याचा वंश खाली चालला नाही. तरी आज आपल्याला तो रूएचा यून होता हे कसं माहीत?

त्याच्या मृत्यूच्या थोडंच आधी डॅन डी क्विल नावाच्या नेवाडातल्या पत्रकारानं त्याच्याशी बोलून त्याची हकीकत लिहून घेतली होती. ती १८८६ ला एका मासिकात सविस्तर छापून आली. तिच्यात जन्मस्थळ दिलं होतं, अप्पर टिन्स, प्रेस्टिजेल्ड. पुढं जो तो तेच उतरवत गेला. आता नॉर्वेच्या नकाशावर प्रेस्टिजेल्ड शोधायला गेलात तर जन्मात सापडणार नाही. कारण तो प्रेस्तेयेल्ड या शब्दाचा अपभ्रंश आहे आणि त्याचा अर्थ नुसता एका पाद्र्याच्या हाताखालचा मुलुख. म्हणजे एखाद्यानं जन्मगाव म्हणून तालुका असं लिहावं, तसं झालं. पण त्या मोडक्या शब्दांतच खूण होती. टिन्स म्हणजे टिन, आणि टिनच्या चर्चची दप्तरं शाबूत होती.

नॉर्वेत चर्चच्या पाद्र्याला सगळ्याची नोंद ठेवावी लागायची. बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू. बाप्तिस्म्याच्या नोंदीत मुलाचं नाव, जन्मतारीख, आईबापांची नावं आणि शेताचं नाव असायचं. गाव सोडून जाणाऱ्यांचीही यादी केली जायची. त्यामुळं मुलखाचं नाव, जन्मतारीख आणि बापाचं नाव एवढं हातात असलं की शोध लागू शकतो. टिनच्या शेताशेतांचा आणि घराण्यांचा इतिहास सांगणारं टिन सोगा नावाचं पुस्तकही आहे. अशी पुस्तकं नॉर्वेत बहुतेक भागांची निघालीत, त्यांना बिग्देबूक म्हणतात. विसाव्या शतकात केनेथ ब्यॉर्क या नॉर्वेजियन-अमेरिकन इतिहासकारानं थॉम्पसनच्या दंतकथा आणि वस्तुस्थिती वेगळी काढायचं मोठं काम केलं.

अमेरिकेत आज लाखो लोकांना आपले नॉर्वेतले पूर्वज शोधायचे असतात आणि त्यातले बरेच थॉम्पसन, जॉन्सन, अँडरसन याच भिंतीला जाऊन धडकतात. एकट्या थॉम्पसनमागं टोर्स्टाइनसन असू शकतो, टोलेफसन असू शकतो, खराखुरा थॉमसनही असू शकतो. त्याहून घोळ म्हणजे सख्ख्या भावांची आडनावं वेगळी. एकानं बापाचं नाव धरलं, दुसऱ्यानं शेताचं. नात्यातले म्हणून कुणाला संशयसुद्धा यायचा नाही.

म्हणून जाणकार सांगतात की आडनाव शोधत बसूच नका. आधी अमेरिकेतल्या बाजूनं सगळं गोळा करा. १८५० पासूनच्या अमेरिकन जनगणनेत घरातल्या प्रत्येकाचं नाव आणि वय मिळतं. १९०० च्या जनगणनेत तो कोणत्या साली देशात आला तेही विचारलेलं आहे. नॉर्वेजियन लोकांची ल्यूथरन चर्चं अमेरिकेतही होती, त्यांच्या वह्यांत पुष्कळदा मूळ गावाचं, कधी शेताचंही नाव असतं. कबरीचा दगड बघा, जुन्या पत्रांची पाकिटं बघा. एकदा शेत सापडलं की मग नॉर्वेच्या सरकारी अभिलेखागारानं चर्चच्या वह्या आणि जनगणना इंटरनेटवर फुकट टाकल्यात, डिजिटालआर्किव्हे या नावानं. आणि तिथं शोधताना अमेरिकन आडनाव विसरायचं. पहिलं नाव, बापाचं नाव, जन्मतारीख, शेत, या चार गोष्टींवर माणूस सापडतो.

शेताचं नाव टिकलं तर काम किती सोपं होतं याचं एक उदाहरण तर तुम्ही पाटीवर रोज बघता. हिल्टन हॉटेल. इंग्रजी वाटतं ना? पण संस्थापक कॉनरॅड हिल्टनचे वडील नॉर्वेहून आलेले, मूळ नाव हाल्व्होरसन, आणि हिल्टन हे ऑस्लोजवळच्या क्लोफ्ताकडचं एक शेत. त्यांनी अमेरिकेत शेताचं नाव धरलं, बापाचं सोडलं.

यूननं उलटं केलं. त्यानं बापाचं नाव धरलं आणि तेही अर्धवट. आजही इंटरनेटवर स्नोशू थॉम्पसन शोधलंत तर त्याचा जन्म प्रेस्टिजेल्डला झाला असं लिहिलेली पानं निघतील.